आधीपासून चालू

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर
चाळीस कॉम्प्युटर भिंतीला पाठ लावून बसलेत,
नोकरीच्या पहिल्या दिवशी बसतात तसे.
सकाळी टेम्पो. चाळीस कारखाने.
एकावर बसवायचं, बाकीच्यांवर उतरवायचं,
आणि उघडल्या उघडल्या काय चालू, काय बंद
ते मी ठरवायचं.
इरेश जाताना म्हणाला, घाई कर,
ज्याला नको तो बंद करेल.

कोणी करत नाही, इरेश.
आमच्या घरी पंख्याचं बटण उलटं बसवलंय,
अकरा वर्षं झाली.
पाहुणा आला की आम्ही त्याला सांगतो.
बटण बदलत नाही.

राजमल्लू चिलवेरी खुर्ची ओढून शेजारी.
जेकार्डचे पुठ्ठे पाडण्यात हयात गेली त्यांची:
भोक असेल तिथं सूत वर,
कोरं असेल तिथं सूत खाली,
आणि दोन्हींच्या मधून मोर.
"काय करलालीस गं एवढा विचार?"
पडद्यावरचे चौकोन त्यांनी नखानं मोजले.
"हे तर आमचंच की."

कोपरा.
बाण डाव्या कोपऱ्याला टेकला
की सगळ्या खिडक्या लहान होऊन पांगतात.
बनवणाऱ्याला फार आवडलं असणार हे.
पण गेल्या वर्षी म्याकलांच्या शेडमध्ये
यल्लप्पांचा हात, थोडा थरथरतो,
कोपऱ्यात गेला आणि पावत्या उधळल्या.
त्यांना वाटलं, मोडलं.
तीन दिवस कॉम्प्युटर झाकून ठेवला,
पाठकोऱ्या कागदांवर हिशेब लिहिला,
कुणाला बोलले नाहीत.
चौथ्या दिवशी एवढंच विचारलं,
पगारातनं किती कापणार?
कोपरा बंद.

मिटताना खिडकी चादरीसारखी
घडी होत खाली जाते.
जुन्या मशीनला ते जड, क्षणभर धाप लागते.
काढणारच होते,
तर शकीलाआपा आठवली. डबा उघडा ठेवून
एकच खिडकी सतरा वेळा मिटली होती तिनं.
"दिवसभर हजार घड्या घालते मी.
ही एक आपली आपण पडते."
लागू दे धाप.

भाषेपाशी मात्र हात थांबला.
ऑफिसच्या कागदावर दोनच, मराठी नि इंग्रजी.
राजमल्लू हिशेब मराठीत करतात,
शिव्या तेलुगूत देतात, भाव कन्नडमध्ये पाडतात.
मी म्हटलं, चारही ठेवल्या तर कुणाचं तरी बोट चुकणार,
टॉवेल लिहायला जावं
आणि पडद्यावर गोल गोल परकी अक्षरं.
"परकी कुणाला?"
मी तीन ठेवल्या. मग दोन. मग चहा आणला.
शेवटी चार.
चुकलंही असेल.

चुकलेल्या भोकावर ते कागदाची टिकली चिकटवायचे,
खिशात खळीची डबी कायम.
मी "खरंच पुसायचं का?" चालू केलं.
इरेशला हा प्रश्न आवडत नाही.
तो कधी चुकत नाही म्हणे.

राहिला सुरू होतानाचा आवाज, तीन सुरांचा.
राजमल्लू हसले,
"मागाच्या खडखडाटात कोण ऐकणार?"
खरंच. चालू काय नि बंद काय.
असू दे म्हटलं, आणि उतरवायला लावलं.

रात्री दोनला चाळीसच्या चाळीस एकदम उठले.
तीन सूर, चाळीस वेळा, थोडे मागेपुढे,
आणि खाली बंद शटरांची गल्ली.
राजमल्लूंनी चष्मा काढला.
"आमची शेड बंद झाली त्या दिवशी
भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं होतं.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा."

मी तो चौकोन पुन्हा उघडला.
टेम्पो सहाला येणार होता.